राइड पूर्ण केलेल्यांची यादी

कृपा सायकल संघाची स्थापना झाली तेव्हा अख्ख्या मंडळीत चालू अवस्थेतली एकच सायकल होती, आणि ती चर्चच्या रखवालदाराची होती. संघाकडे मात्र लेटरहेड होतं, अध्यक्ष होते, दोन उपाध्यक्ष होते, आणि टी-शर्टच्या पाठीवर कोणतं वचन छापायचं यासाठी नेमलेली उपसमिती होती. उपसमिती तीन रविवार उपासनेनंतर बसली आणि न थकता धावणाऱ्यांबद्दलचं एक वचन तिनं एकमतानं निवडलं. सायकली त्यानंतर आल्या. आल्या त्या अशा, की अंगणात ठेवायला जीव धजेना म्हणून लोकांनी त्या बेडरूममध्ये ठेवल्या.

अध्यक्ष होते शांतवन भालेराव. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे जमिनीवरून चालणारं कुठलंही वाहन त्यांना किरकोळ वाटे. नियमावली त्यांनीच लिहिली होती. तिच्यातला चौथा नियम असा होता: 'जो किमान पंचवीस किलोमीटरची एक राइड सायकलवरून पूर्ण करील, तोच संघाचा सभासद.' संघाची दर शनिवारची राइड गंगापूर रोडवरच्या मिसळीपाशी संपत असल्यामुळे गेले आठ महिने संघाला पदाधिकारी होते, सभासद एकही नव्हता.

हर्षालीला या चौथ्या नियमात फार रस होता. ती संघाच्या सचिवाची, शेखरची, बायको. तिला सभासद व्हायचं होतं, आणि त्यामागचं कारण तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. राइड शनिवारी सकाळी सहा ते आठ असे. सृष्टी दहा महिन्यांची झाली होती, आणि या दहा महिन्यांत हर्षाली घराबाहेर एकटी अशी एकदाच गेली होती, आधार कार्डाच्या कामाला. तिथंही नंबर लवकर लागला म्हणून तिला वाईट वाटलं होतं. लेकीवर जीव नव्हता असं नाही. लेक झोपली की तिच्या तळव्यांचा वास घेत बसणारी बाई ती. पण दोन तास कुणी आपल्याला धरून नसावं, एवढंच तिला हवं होतं.

सासूबाईंचं म्हणणं स्वच्छ होतं. मार्थाबाई महिला मंडळाच्या अध्यक्षा, चाळीस वर्षांत मंडळीचं एकही काम त्यांनी टाळलेलं नव्हतं. "मंडळीचं काम असेल तर पोरीला मी दिवसभर सांभाळीन," त्या म्हणाल्या होत्या. "नुसती हवा खायची असेल तर तिलाही घेऊन जा. तिलाही लागू दे हवा."

म्हणजे सभासदत्व मिळालं की शनिवार मंडळीचा. इतकं सोपं गणित होतं.

फेब्रुवारीत संघानं पहिली मोठी राइड जाहीर केली. सायखेड्याच्या शाळेतल्या पाच मुली लांबच्या वस्त्यांवरून पायी येत. त्यांना पाच सायकली भेट द्यायच्या. नाशिक ते सायखेडा, अठ्ठावीस किलोमीटर. पाच पुरुष सायकलवरून जाणार, भेटीच्या सायकली टेम्पोतून जाणार, आणि टेम्पोतच पोहे, चहा, बॅनर आणि बायका.

"माझंही नाव घाल," हर्षाली शेखरला म्हणाली.

"घातलंय की. सहाय्यक विभागात."

"सायकलवर घाल म्हणते मी."

"तुला सायकल कुठंय? आणि शांतवनकाका म्हणत होते, बाळंतपणाचे टाके-बिके असतात."

"काकांना माझ्या टाक्यांचं काय करायचंय?"

शेखर वहीत काहीतरी लिहायला लागला. सचिव झाल्यापासून त्याला बोलण्यापेक्षा लिहून घ्यायची सवय लागली होती.

शनिवारी सहाला निघायचं होतं. पाळकसाहेबांनी दोन मिनिटांत प्रार्थना आटोपली, पण मग उपाध्यक्ष प्रभुदासकाकांना राहवलं नाही. त्यांनी रस्त्यांसाठी प्रार्थना केली, टायरांसाठी केली, ट्रकवाल्यांच्या बुद्धीसाठी केली, महानगरपालिकेसाठी केली, आणि मग देशोदेशीच्या राजकर्त्यांकडे वळले. प्रभुदासांनी एवढी केली म्हटल्यावर दुसरे उपाध्यक्ष मागं कसे राहणार. सव्वासातला 'आमेन' झालं तेव्हा सृष्टीनं एकदा दूध पिऊन घेतलं होतं आणि टेम्पोवाला गोटीराम स्टिअरिंगवर डोकं टेकून घोरत होता.

राइड निघाली. शेखर मोटारसायकलवरून पुढं, फोटो काढत. त्यामागं पाच पाठी आणि पाच वचनं. त्यामागं छोटा हत्ती टेम्पो, त्यात रिबिनी लावलेल्या पाच सायकली, पोह्यांचं पातेलं, मार्थाबाई, त्यांच्या मांडीवर सृष्टी, मिशन दवाखान्यात नर्स असलेली मीना, गायनमंडळातल्या दोघी बहिणी आणि कोपऱ्यात हर्षाली.

निघून जेमतेम अडीच किलोमीटर झाले असतील, तोच प्रभुदासकाकांच्या पोटरीत गोळा आला. ते उतरले, टेम्पोत चढले आणि झाकण आहे असं बघून पोह्यांवर बसले.

"सायकल पण घ्या रे वर," ते म्हणाले.

गोटीराम मागं आला, कंबरेवर हात ठेवून बघत राहिला. "जागा नाय काका. तुम्ही मावले हेच लय झालं. ही चढवायची तर आतली एखादी उतरवा."

"उतरवलेली कोण चालवणार?"

"मी चालवते," हर्षाली म्हणाली, आणि कुणी काही म्हणायच्या आत खाली उतरली.

शांतवनकाका पुढून वळून आले. "अगं, ती भेटवस्तू आहे. आशीर्वाद देऊन द्यायची वस्तू अशी रस्त्यात वापरायची?"

हर्षालीनं सासूबाईंकडं पाहिलं. मार्थाबाई नातीच्या तोंडातून रिबिनीचं टोक काढत होत्या. "वापरलेली बरी," त्या म्हणाल्या. "चेन पडते का, ब्रेक लागतो का, कळेल तरी. आपण स्वतः चाखल्याशिवाय भाजी लोकांच्या पानात वाढतो का? आणि प्रभुदास, तू पोह्यांवर बसलायस."

सायकल जांभळी होती, बिनगिअरची, पुढं जाळीची बास्केट. सीटवर अजून प्लास्टिक. पहिली पन्नास पावलं ती हर्षालीच्या मनासारखी चालेना, मग चालली. नांदगावला शाळेत असताना ती अशाच सायकलनं जायची, मागं कॅरिअरला दप्तर. सायकल गेली बारा वर्षं तिच्याकडं नव्हती, पण पाय काही विसरले नव्हते. पोट ओढल्यासारखं झालं तेव्हा ती जरा हळू झाली आणि मग पुन्हा वेग धरला. रस्त्याच्या कडेनं द्राक्षांचे मळे, वर निळसर जाळी, आणि वाऱ्याला औषधाच्या फवाऱ्याचा उग्र वास. तिला तोही गोड लागला. कित्येक महिन्यांत वेखंड आणि दुधाशिवाय दुसरा वास तिच्या नाकात गेला नव्हता.

ओढा गावाच्या अलीकडं आणखी तिघं गळाले. एकाची पाठ धरली, एकाला ऑफिसचा फोन आला आणि तो काही केल्या संपेना, दुसऱ्या उपाध्यक्षांनी तर कारणच सांगितलं नाही, सरळ चढले. तीन भारी सायकली वर गेल्या, तीन साध्या खाली आल्या, त्यांच्यावर मीना आणि गायनमंडळाच्या बहिणी बसल्या. मीना साडीचा ओचा खोचत म्हणाली, "रात्रपाळी करून आलेय मी. तरी यांच्यापेक्षा जास्त हवा आहे माझ्यात."

आता रस्त्यावर चार बायका होत्या आणि एकटे शांतवनकाका. अध्यक्षानं टेम्पोत चढणं शोभलं नसतं. म्हणून त्यांनी सायकलवर बसूनच डाव्या हातानं टेम्पोची फळी धरली. गोटीरामनं आरशात पाहिलं. "काका, तुम्ही चालवताय का मी?"

"नियम वाच," काका म्हणाले. "सायकलवरून, असं लिहिलंय. पायडल मारत, असं कुठंय?"

इतक्यात टेम्पोतून सृष्टीचा आवाज आला. तो भुकेचा आवाज होता. हर्षालीला तो शंभर आवाजांत ओळखू आला असता. तिनं द्राक्षं भरायच्या शेडपाशी सायकल उभी केली, एका उपड्या कॅरेटवर बसली आणि पदराआड लेकीला घेतलं. सृष्टीनं एक हात वर करून आईच्या घामेजल्या गालावर ठेवला, चव वेगळी लागली म्हणून एकदा थांबून वर पाहिलं, आणि पुन्हा प्यायला लागली. शेडमध्ये घड निवडणाऱ्या एका बाईनं कात्री थांबवली.

"सायकल पण हानती अन् लेकराला बी पाजती. अन् ते गाडीतले कोन म्हनायचे?"

"ते सायकल संघ आहेत," मीनानं सांगितलं.

बाईनं टेम्पोकडं बघून मान हलवली आणि हर्षालीच्या ओटीत एक घड टाकला.

टेम्पोत चार आणि फळीला एक, असे पाच पुरुष वीस मिनिटं उन्हात वाट बघत राहिले. शांतवनकाकांनी तीनदा घड्याळ पाहिलं. "मुख्याध्यापिका थांबल्यात," ते म्हणाले. "थांबू देत," मार्थाबाई म्हणाल्या, "त्याही कुणाच्या तरी आई असतील."

चांदोरीला पूल दिसू लागला तसे शांतवनकाका एकदम ताजेतवाने झाले. पुलापलीकडं सायखेडा, शाळा, मुलं, हार. त्यांनी टेम्पो थांबवला. "चला, आपापल्या सायकली खाली घ्या. गावात शिरताना सगळे रायडर्स सायकलवर दिसले पाहिजेत. भेटीच्या सायकली पुसून, रिबिनी सरळ करून वर चढवा. भगिनींनी टेम्पोत बसावं."

मीना आणि बहिणी हसत उतरल्या. त्यांना काय, त्यांची गंमत झाली होती. हर्षाली उतरली नाही. तिचा एक पाय जमिनीवर होता, एक पायडलवर.

"काका, एकच किलोमीटर राहिलाय."

"तेच म्हणतोय मी बेटा. एका किलोमीटरचा तर प्रश्न आहे."

"माझी राइड अपुरी राहील."

"अगं, तुझी राइड कुठं होती? तू तर सायकल पोचवत होतीस."

हे ऐकून तिचा चेहरा असा झाला, की काकांनी टोपी सरळ केली. शेखर मोटारसायकल घेऊन बरोबर तिच्यासमोर उभा होता, कॅमेरा गळ्यात, रस्ता अडवून. त्यानं एकदा अध्यक्षांकडं पाहिलं, एकदा बायकोकडं. मग त्यानं गाडी चार हात बाजूला घेतली. सचिवाला एवढंच करता येण्यासारखं होतं.

हर्षाली निघाली. मागून काकांनी हाक मारली, ती वाऱ्यावर गेली. पुलावर ती उभी राहून पायडल मारत होती. खाली गोदावरीचं पाणी संथ, काठाला म्हशी. कुणी धरलेलं नव्हतं, कुणी बोलावत नव्हतं. शाळेच्या फाटकात पोचली तेव्हा तिला श्वास धड घेता येत नव्हता.

फाटकापाशी दोन वेण्या घातलेली एक मुलगी केव्हाची उभी होती. तिनं सायकल खालीवर पाहिली. "ही आमच्यातल्या कुणाची हाय?"

"तुला आवडली तर तुझी. मागचा ब्रेक जरा घट्ट आहे, दोन दिवसांत सैल होईल. चेन चांगली आहे, पंचवीस-सव्वीस किलोमीटर चालवून बघितलीय."

मुलीनं प्लास्टिकवरचा घाम हातानं पुसला आणि सायकल घेऊन गेली. समारंभात पाचऐवजी चारच सायकलींवर प्रार्थना झाली, कारण पाचवी मैदानाला फेऱ्या मारत होती आणि काही केल्या थांबत नव्हती.

दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर कमिटी बसली. विषय एकच: राइड पूर्ण केलेल्यांची यादी. शेखरनं कागद पुढं ठेवला, त्यावर एकच नाव होतं.

"हे बरोबर दिसत नाही," प्रभुदासकाका म्हणाले. "आम्ही सुरुवातही सायकलवर केली, शेवटही सायकलवर केला."

"मध्ये?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"मधलं कोण बघतं?"

शांतवनकाकांनी घसा साफ केला. "मुद्दा असा, की राइड सलग हवी. सूनबाई वीस मिनिटं थांबल्या. आणि त्या थांबल्या म्हणून टेम्पो थांबला. टेम्पो थांबल्यामुळे आमचीही राइड खंडित झाली. त्या दृष्टीनं पाहिलं तर नुकसान आमचं झालंय."

दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या हर्षालीनं हे ऐकलं. काही बोलावं असं तिच्या फार मनात आलं, पण आत सगळे सासऱ्यांच्या वयाचे होते. तिनं ट्रे ठेवला आणि बाहेर आली.

चर्चा दीड तास चालली. टेम्पोतून केलेला प्रवास आत्म्यानं सायकलवरून केलेला धरावा, अशी एक सूचना आली. दवाखान्याचा दाखला जोडावा, अशी दुसरी. शेवटी पाळकसाहेबांनी निर्णय दिला: या विषयावर प्रार्थनापूर्वक विचार व्हावा, आणि यादी ईस्टरनंतरच्या सभेत पुन्हा घ्यावी. ईस्टरला अजून दोन महिने होते.

घरी येताना शेखर म्हणाला, "मी नाव खोडलं नाही हं."

"लिहिलंयस हेच पुष्कळ झालं," हर्षाली म्हणाली. तिला रडू येत नव्हतं, फक्त आठवड्यातला शनिवार कुणीतरी कापून नेल्यासारखं वाटत होतं. मार्थाबाई पुढं चालत होत्या. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

शनिवारी संघाची राइड नव्हती. चौघांचे गुडघे धरलेले, अध्यक्षांचा डावा खांदा. पाच वाजून पन्नास मिनिटांनी हर्षाली सृष्टीची लंगोटं वाळत घालत होती, तेव्हा फाटकाशी घंटी वाजली. मीना होती, नुकत्याच दुरुस्त करून घेतलेल्या स्वतःच्या जुन्या सायकलवर, आणि दुसऱ्या हातानं चर्चच्या रखवालदाराची सायकल धरून आणलेली.

"तुझ्या सासूबाईंनी मागून ठेवलीय. मला म्हणाल्या, जाता जाता घेऊन जा."

हर्षाली वळली. मार्थाबाई ओट्यावर आल्या होत्या, नात खांद्यावर, पेंगुळलेली.

"आई, कमिटीनं तर अजून काही ठरवलं नाही."

"कमिटीला दोन महिने विचार करायचाय," मार्थाबाई म्हणाल्या. "तोवर तू पायांनी काय करायचं? पोळ्या? जा. पण आठच्या आत ये, हिला मऊभात मी भरवीन, बाकीचं माझ्याच्यानं होणार नाही."

"कुठवर जाऊ?"

"मला काय विचारतेस, मी कधी सायकल चालवलीय का?" त्या म्हणाल्या, आणि नातीच्या पाठीवर थोपटत आत गेल्या.