ह्यो गुलाल न्हवं

म्हसवडचा रथ होऊन तीन आठवडे झाले तरी अपेक्षाच्या गालावरची लाली काही उतरेना. रथाच्या दिवशी सिद्धनाथाच्या नावानं अख्ख्या गावानं गुलाल उधळला होता. रस्ते लाल, कपडे लाल, दारातली कुत्रीसुद्धा लाल. त्यात अकरा वर्षांच्या एका पोरीचे गाल लाल दिसले तर कोण कशाला दचकेल? तिची आई स्वप्नालीही दचकली नाही. गुलाल बाधला, आजकाल त्यात काय काय मिसळतात देव जाणे, असं म्हणत तिनं बेसन लावून बघितलं, खोबरेल लावून बघितलं, आणि वर पोरीलाच दोन शब्द सुनावले.

सासरा कोंडीबा मात्र रोज सकाळी नातीच्या तोंडाकडं टक लावून बघायचा आणि एकच पालुपद लावायचा, "ह्यो गुलाल न्हवं."

आता कोंडीबाच्या तोंडाला कुलूप असं नव्हतंच. जन्म मेंढरांमागं रानोमाळ गेलेला, त्यामुळं बोलायचा तेही या डोंगरावरून त्या डोंगराला ऐकू जाईल असं. त्याचं आणि सुनेचं दिवसातून दोनदा तरी वाजायचंच. नवरा जोतीराम कुपवाडला कारखान्यात, पंधरा दिवसांनी तोंड दाखवणार. मध्ये पडायला घरात कुणी नव्हतं.

पण स्वप्नालीला नावं ठेवू नका बरं का. अपेक्षा सहा वर्षांची असताना तिचे गुडघे आणि मनगटं सुजली, सकाळी उठल्यावर पाय सरळ होईनात. संधिवात म्हाताऱ्यांचा, एवढंच गावाला ठाऊक. "नाटकं करतीया पोरगी" म्हणणारेच जास्त. शेवटी सांगलीच्या डॉक्टर क्रांतीबाईंनी सांगितलं की लहान पोरांनाही तो होतो. तेव्हापासून पाच वर्षं या बाईनं आठवड्याची सुई चुकवली नाही की दवाखान्याची तारीख चुकवली नाही. रोज सकाळी पोरीला अंगणात उन्हात बसवायची, हलक्या हातानं सांधे चोळायची, पाय मोकळे झाले की शाळेत धाडायची. बाई हट्टी, पण हट्ट असा की हात जोडावेत. जी पोरगी भिंत धरून चालायची ती यंदा शाळेत लंगडी खेळली होती.

"मामा, फुडची तारीख दीड महिन्यानं हाय," स्वप्नाली त्या दिवशी तडकून म्हणाली. "गुडघं झ्याक हायती. उगं कशाला सांगलीला जायाचं?"

"मी गुडघ्याचं म्हनत न्हाई. तोंडाचं म्हनतोय."

"आवं, गालाला डाग पडला म्हनून मोठ्या डॉक्टरकडं पळायचं व्हय? लोक हसत्याल."

खरं सांगायचं तर ती भ्याली होती. एका दुखण्याशी पाच वर्षं झुंजून तिनं ते जरा कुठं दावणीला बांधलं होतं. त्याच्या शेजारी दुसरं आणून बांधायची तिच्यात ताकद उरली नव्हती.

कोंडीबा उठला, देव्हाऱ्यातला चिमूटभर गुलाल घेतला आणि सुनेच्या देखत आपल्याच गालांना, नाकाला खसाखसा चोळला. अपेक्षा खिदळायला लागली.

"हसू नगंस गं. स्वप्ना, हिकडं ये. माजं तोंड बघ आदी."

स्वप्नाली धुसफुसत पुढं आली. म्हाताऱ्याचं तोंड सुरकुत्यांनी भरलेलं. नाकाच्या दोन्ही बाजूंनी ओठांकडं उतरणाऱ्या घडीत गुलाल गच्च बसला होता.

"रंग कवाबी पयला घडीत बसतोय. चाळीस वर्सं मेंढरास्नी खुणंचा रंग लावलाय मी, मला सांगू नगंस. आता पोरीचं बघ. गाल लाल, नाक लाल, आन् मधली ही घडी? कोरी! गुलाल असता तर तितंच लय दिसला असता. ह्यो भायनं लागल्याला न्हवं, पोरी. ह्यो आतनं आलाय." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "आन् सकाळी तिच्या डोळ्याखाली सूज असती. मेंढराच्या जबड्याखाली अशी सूज दिसली की आमी दुसरं काम हातात घेत न्हाई."

स्वप्नालीनं पोरीचं तोंड दाराच्या उजेडात धरलं. पाच वर्षं ती पोरीचे गुडघे बघत आली होती, तोंडाकडं असं निरखून कधी बघितलंच नव्हतं. घडी खरंच कोरी होती. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस्टीनं तिघं सांगलीला निघाली.

दवाखान्यात कोंडीबाच्या सुरकुत्यांत गुलाल अजून थोडा होताच. डॉक्टर क्रांतीबाईंनी आधी त्यालाच विचारलं, "बाबा, तोंडाला काय लावलंय?" म्हाताऱ्यानं सगळं रामायण सांगितलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी आजोबा आणि नात शेजारी शेजारी बसवली, दोघांच्या तोंडांवर उजेड पाडून बघितला आणि स्वप्नालीकडं वळल्या. केस गळतात? गळतात, पण आम्हाला वाटलं क्षाराच्या पाण्यानं. तोंडात फोड? येतात, आम्हाला वाटलं उष्णतेनं. बारीक ताप? येतो, आम्हाला वाटलं यात्रेच्या दगदगीनं. एकेक उत्तर देताना स्वप्नालीचा आवाज खाली खाली जात राहिला.

रक्त घेतलं, लघवी तपासली, दुपारी परत आत बोलावलं.

"संधिवात आहेच," बाई म्हणाल्या. "पण त्याच्या जोडीला आता ल्युपस दिसतोय. काही मुलांच्या अंगात हे दोन्ही एकत्र येतात. आजारापासून शरीराची राखण करणारी जी ताकद असते ना, ती उलटून शरीरावरच जाते."

"राखणीचं कुत्रंच कळपावर पडलं म्हना की," कोंडीबा म्हणाला.

"अगदी तसंच. आणि ते मूत्रपिंडापर्यंत पोचलंय. अजून वेळ आहे. पण दीड महिन्यानं आला असतात, तर असं म्हणता आलं असतं की नाही, ठाऊक नाही." बाई खुर्चीतून उठल्या आणि म्हाताऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "ही लाली नाकाजवळची घडी सोडते, हे ओळखायला मला पुस्तकं वाचावी लागली. तुम्हाला कुणी शिकवलं, बाबा?"

"मेंढरांनी," कोंडीबा खाली बघत म्हणाला, आणि पटक्याच्या शेवानं तोंड पुसायला लागला.

अपेक्षाला तिथंच ठेवून घेतलं. संध्याकाळी पाळी सुटली की जोतीराम कुपवाडहून येऊन बसायचा. पाठीतून सुई घालून मूत्रपिंडाचा कणभर तुकडा काढला. पोरगी हूं की चूं नाही. म्हाताराच बाहेर कानात बोटं घालून बसला होता. चौथ्या दिवशी निकाल आला. मूत्रपिंडाला झळ लागली होती, पण सुरुवातच होती. औषधं जबर, वर्षानुवर्षं चालणारी, पण मूत्रपिंड वाचेल अशी बाईंना पुरी आशा होती. स्वप्नालीनं सुटकेचा श्वास सोडला, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "आणि ऊन टाळायचं. उन्हानं हा आजार भडकतो."

स्वप्नालीचा चेहरा पांढराफटक पडला. बाईंच्या ध्यानात आलं. उन्हात बसवलं म्हणून ल्युपस झाला असं नसतं, संधिवाताला ऊब हवीच होती, पुढचं कुणाला ठाऊक होतं, असं त्यांनी परोपरीनं समजावलं. पण ते तिच्या कानापर्यंत गेलं, आत शिरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या खिडकीतून उन्हाचा पट्टा आत आला. सवयीनं स्वप्नालीनं खुर्ची उचलून उन्हात ठेवली, आणि ठेवल्या ठेवल्या मटकन खाली बसली. "पाच वर्सं," ती हुंदके देत म्हणाली, "पाच वर्सं ह्या हातानं पोरीला जाळत बसले."

सुनेला टोमणा मारायची एक संधी न सोडणारा कोंडीबा भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

"आये, येड्यावानी काय बोलतीस?" अपेक्षा खाटेवरून म्हणाली. "तवा माजं पाय हालत नव्हतं. तू बसवलंस म्हनून हालाय लागलं. ते मला ठावं हाय, डॉक्टरबाईला न्हाई."

"आन् आता गं? ऊन न्हाई तर सकाळचं पाय कसं सुटायचं तुजं?"

पोरीनं जरा विचार केला. "दमानं," ती म्हणाली.

खाटेची कड धरून ती खाली उतरली. गुडघे अर्धवट वाकलेले, ओठ दाताखाली घट्ट. स्वप्नालीनं हात पुढं केला.

"धरू नगंस," अपेक्षा म्हणाली.

उन्हाचा पट्टा चुकवून, सावलीच्या भिंतीकडेनं ती निघाली. एक पाऊल, मग थांबा, मग दुसरं. दारापर्यंतच्या पंधरा पावलांना इतका वेळ लागला की शेजारच्या खाटांवरच्या बायका बोलायच्या थांबल्या. स्वप्नाली दोन्ही हात पसरून मागोमाग चालत राहिली, आणि तिनं पोरीला हात लावला नाही.