हात लावायचा नाही

पोर अवघी सहा दिवसांची, पण दुधाला घेतली की अशी मान फिरवायची, जसं काही आईशी सात जन्मांचं वैर. वजन रोज घटत होतं. उद्या सकाळपर्यंत ते वाढलं नाही तर दवाखान्यात भरती करायची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हापासून घरातल्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता.

बाप इंजेक्शनं भरणाऱ्या कारखान्यात तपासनीस. तिथे कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय कुणाला आत पाऊल टाकू देत नाहीत. तीच शिस्त त्यानं घरी आणली. आल्यागेल्याला तो दारातच अडवायचा. सासूबाई त्याला 'साहेब' म्हणू लागल्या होत्या, आणि ते काही कौतुकानं नव्हे.

दुपारी नर्सबाई आल्या. घरोघरी जाऊन बाळ-बाळंतिणीची काळजी घेणं हेच त्यांचं काम. आल्या आल्या त्या पोरीला उचलतील असं त्याला वाटलं होतं. त्यांनी हात धुतले, ते पाठीमागे बांधले आणि म्हणाल्या, "एकदा पाजायला घ्या. मी नुसती बघते."

त्यानं लगबगीनं जंतुनाशकात भिजवलेला बोळा बायकोच्या हातात दिला. तिनं निमूटपणे छाती पुसली.

"हे कशाला?" नर्सबाईंनी विचारलं.

"दर वेळी पुसतो. सहा दिवसांत एकदाही चुकलो नाही," तो ऐटीत म्हणाला.

"अहो बाबा, या पोरीला अजून धड दिसत नाही. ती आईला वासानं ओळखते. आणि तुम्ही दर वेळी आईच पुसून टाकताय."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायको मात्र त्याच्याकडे बघतच नव्हती.

"म्हणजे..." तिनं नर्सबाईंना विचारलं. "तिला मी नको होते, असं नाही ना?"

"छे हो!" नर्सबाई म्हणाल्या.

त्यांनी कोमट पाण्यानं छाती नीट धुवायला लावली, आईला उशांना टेकवून बसवलं, सोबत आणलेल्या काट्यावर पोरीचं वजन केलं आणि तिला उघडीच आईच्या पोटावर पालथं ठेवून वरून दुपटं पांघरलं. "आता कुणीही हात लावायचा नाही. तुम्ही तर मुळीच नाही, बाबा."

बराच वेळ काहीच झालं नाही. पोर आपली मूठ चोखत पडून राहिली. मग दुपट्याखाली एक पाय हलला. टाच आईच्या पोटात रुतली आणि ते इवलंसं अंग बोटभर वर सरकलं. थांबलं. पुन्हा सरकलं. एकदा ती बाजूला कलली तसा तो पुढे झेपावला, पण नर्सबाईंनी असे डोळे वटारले की त्यानं दोन्ही हात काखेत कोंबले. पोरीनं डोकं उचललं, ते धपकन पडलं. तिनं नाक घासलं, हुंगलं आणि पुन्हा टाच रोवली. त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. मान धरता येत नाही, दिसत नाही, आणि ही बया एकटीच निघाली होती!

मग तिनं भलामोठा आ वासला आणि आईला गच्च धरलं.

त्यानं जिवाचे कान केले. गट्. गट्. गट्.

"अरे, गिळतेय ती," बायको म्हणाली आणि हसता हसता रडू लागली.

पोट भरून पोर झोपली तेव्हा नर्सबाईंनी तिला पुन्हा काट्यावर ठेवलं. पाजण्याआधीपेक्षा पंचेचाळीस ग्रॅम जास्त. "डॉक्टरांशी मी बोलते. अशीच पीत राहिली तर भरती कशाला लागतेय?"

त्याचा जीव भांड्यात पडला. "हिला कुणी शिकवलं हो हे?" त्यानं हळूच विचारलं.

नर्सबाईंना अजून दोन घरं गाठायची होती. त्या पलंगाच्या कडेला टेकल्या आणि झोपलेल्या पोरीकडे बघत राहिल्या.

"बावीस वर्षं बघतेय," त्या म्हणाल्या. "मला तरी कुठं कळलंय!"