चीत झाल्यावर काय

आमच्या मूल गावात तांदळाच्या गिरण्या पाहिजे तेवढ्या, पण धरपकड शिकवणारा माणूस एक नाई. सगळं मूल पालथं घालून सांगून राह्यली, ऐकीव गोष्ट नाई. मले मारामारी नको होती. मले धरणं पाहिजे होतं, पाडणं पाहिजे होतं. माह्या अब्बूचं, म्हणजे फारूकभाऊ गादीवाल्याचं, पिंजाईचं दुकान आहे. लहानपणी पिंजलेल्या कापसाच्या ढिगावर मी माह्या चुलत भावाले, मुबीनले, रोज पाडत होती अन् तो रोज रडत अम्मीकडे जात होता. तेव्हापासूनचा हा किडा आहे. आता कॉलेज संपत आलं तरी गेला नाई.

पहिला गुरू भेटला तो कराटेवाला. त्यानं उन्हाळाभर आम्हाले हवेत बुक्क्या मारायले लावल्या. हवेनं काई उलटून मारलं नाई, म्हणून सगळ्या पोरी पास. मी म्हणलं, "सर, कोणी हात धरला तर?" म्हणे, ते काळ्या पट्ट्याले असते. म्हणजे तोपर्यंत धरणाऱ्यानं दम धरावा. दुसरा कॉलेजात आला, आत्मसंरक्षण शिबिरवाला. त्याच्या शिबिरात भाषणंच भाषणं, अन् शेवटी पाहुण्याच्या हातून प्रमाणपत्र. त्या फोटोत मी दात आवळून उभी आहे. अम्मीनं तो बैठकीत लावून ठेवला, आल्यागेल्याले दाखवते.

तिसरा गडचांदूरचा सुरज सर. याच्याकडे खरंच मॅट होत्या अन् खरंच ग्रॅपलिंग, म्हणजे धरून पाडायचा खेळ, होतं. चंद्रपूरले बस बदलायची, सिमेंटची धूळ खायची, जाऊन येऊन दिवस गेला. घोडं मेलं ओझ्यानं अन् शिंगरू मेलं हेलपाट्यानं, तशी माही गत. पण हा खेळ काय असते ते मले त्याच्याकडेच कळलं. यात समोरच्याले चीत केलं, म्हणजे पाठीवर पाडलं, तरी लढत संपत नाई. गुण भेटतात, खेळ चालू राहते. संपते तेव्हा, जेव्हा एक जण हार मानून हातानं मॅट नाईतर समोरच्याचं अंग थोपटते. इथपर्यंत ठीक होतं. पण एक दिवस त्यानं माहा कोपर पिळला, मी थोपटलं, अन् हा बावा सोडेच ना. बाकीच्या पोराईले समजावून सांगत राह्यला, "पहा, इथी असा जोर द्यायचा." मी थोपटू थोपटू हैराण. पुढं कितीक दिवस मले पोळ्या लाटता आल्या नाई अन् अम्मीले वाटे मी बहाणे करून राह्यली. ज्याले सोडता येत नाई तो मास्तर कशाचा? त्याच्या तोंडावर बोलून आली अन् परत गेली नाई.

मंग एक दिवस सोमारीबाई दुकानात आली, जुनी गादी पिंजायले घेऊन. पोंभुर्ण्याकडच्या जंगलातल्या गावची गोंड बाई, वनरक्षक, अंगावर खाकी. मी एका गुंडाळलेल्या गादीले धोबीपछाड मारून राह्यली होती. तिनं थोडा वेळ पाहिलं.

"गादी उलटून ओढत नाई, पोरी," ती म्हणाली.

"मंग तुमी ओढा."

अब्बूनं डोळे वटारले, गिऱ्हाइकाशी असं बोलतात का म्हणून. बाईनं चपला काढल्या. पुढं काय झालं ते मले दिसलं नाई, दुकानाच्या छताचे टिन दिसले. मानेवर तिचा हात होता. मी थोपटलं अन् त्याच घडीले हात निघाला. मंग तिनं तोच हात पुढं करून मले उठवलं. मले तिथीच रडू आलं. जिच्यासाठी मी गावोगाव फिरली, ती आमच्याच दुकानात गादी भरायले आली होती.

ती आश्रमशाळेत कुस्ती शिकली. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, तिथल्या आखाड्यात ती अजून उतरते. तिची पाठ कोणी मातीले लावली नाई. तिच्या गावचे रामाजीभाऊ तर पाहुण्याले पाणी देण्याच्या आधी ही गोष्ट सांगतात.

पण बाई शिकवायले तयार नाई. "पोरी येतात, दोन डाव शिकतात, फोटो काढतात अन् गायब होतात. माहा रविवार फुकट जाते." मी चिकटली. फोन केले, घरी जाऊन बसली, तिच्या कोंबड्या हाकलल्या. शेवटी तिनं शर्त घातली. चंद्रपूरले ग्रॅपलिंगची स्पर्धा होणार होती. "पहिली लढत जिंकली तर पुढं शिकवीन. हरली तर तू तुह्या घरी, मी माह्या घरी."

मी हो म्हणलं. नाई म्हणून जाती कुठी.

अब्बूनं बडबड करत एक मोठी गादी शिवून देल्ली, ती तिच्या अंगणात मोहाच्या झाडाखाली टाकली. पहिल्याच दिवशी टाके उसवले अन् कोंबड्या कापूस घेऊन पळाल्या. कधी मी तिथी पोचावं अन् बाई वणवा विझवायले गेलेली. कधी वाघ गावाजवळ आला म्हणून पाचलेच घरी जा. तरी शिकली. बाई शिकवते तेव्हा एकच डाव करवते, अंगात मुरेपर्यंत. अन् डावासंगं एक रीत करवत होती. समोरची चीत झाली की सोडायचं. हात द्यायचा, उठवायचं, दोघींनी मातीले हात लावायचा. "पडलेल्याले दाबत बसते ते रानडुक्कर," ती म्हणे. डाव चुकला तर ती हसे. हात द्यायले विसरली तर पाठीत धपाटा.

मी तिले सांगितलं नाई असं नाई.

"बाई, त्या खेळात चीत झाल्यावरही चालू राहते."

"चीत झालेला काय करणार?"

"पायानं धरते, बाई. खालून."

"पाठ लागली म्हणजे लागली. पुढचं सगळं नाटक."

मी आणखी एकदा सांगून पाहिलं, मोबाइलवर दाखवलं. तिनं तोंड फिरवलं. पालथ्या घड्यावर पाणी. मंग मी गप्प बसली. इतकी वणवण करून एक धड गुरू भेटला होता, तो काय नियमापायी घालवू? डोक्यात म्हणलं, माहीत तर आहे आपल्याले, तिथी पाहून घेऊ.

स्पर्धेच्या दिवशी चंद्रपूरच्या हॉलमध्ये माईक खरखर करून राह्यला होता अन् वजन करायले सकाळपासून रांग. लोकाईचे गुरू जोडे घालून, शिट्टी लटकवून. माही गुरू खांद्यावर झोला, त्यात चिवडा. माह्यासमोर करिश्मा नावाची पोरगी, बल्लारपूरची, चांगली उंच. हात मिळवताना हसली. मले तिचं हसणं आवडलं नाई.

पण लढत सुरू झाली अन् माहं अंग मोकळं झालं. ती पायात शिरायले पाहे, मी तिची मान दाबून बाजूले होई. दोनदा, तीनदा. बाई मॅटच्या कडेवरून म्हणाली, "आता." मी तिचा हात खांद्यावर घेतला, कंबर घातली अन् धोबीपछाड मारली. अशी बसली की हॉल हुंकारला. करिश्माचे दोन्ही खांदे मॅटवर. फळ्यावर माह्या नावापुढं गुण चढले. सगळं असं सरळ झालं की मले हसू आलं.

अन् माहा हात पुढं गेला.

डोक्याले माहीत होतं, लढत चालू आहे. हाताले माहीत नव्हतं. मी तिले सोडलं, उभी झाली अन् तिले उठवायले हात देल्ला. करिश्मानं तो धरला. मले अजून तिचे डोळे दिसतात, तिले एक क्षण खरंच वाटलं की आपल्याले काईतरी दान भेटून राह्यलं. मंग तिनं हात ओढून मले खाली आणलं, दोन्ही पाय माह्या छातीवरून टाकले, अन् माहा कोपर, तोच सुरज सरवाला कोपर, तिच्या मांड्यांमध्ये ताणला गेला. मी थोपटलं. तिनं लगेच सोडलं, तेवढी भली होती. पंचानं तिचा हात वर केला. लोक हसून राह्यले होते. मी कडेले पाहिलं तर सोमारीबाई झोला खांद्यावर अडकवून निघायच्या तयारीत उभी, तिच्या लेखी लढत तर कधीच संपली होती.

बसस्टँडवर माहा तोल गेला. "तुमाले सांगितलं होतं मी. दोनदा सांगितलं. काऊन नाई ऐकलं? तुमची रीत तुमच्या मंडईत ठेवा ना. माहं काय झालं पहा." आजूबाजूचे लोक पाहून राह्यले होते. मले शरम नव्हती. बाईनं चिवड्याची पुडी पुढं केली, मी ढकलली, चिवडा सांडला. मूल येईपर्यंत ती खिडकीबाहेर जंगल पाहत राह्यली, जसं काई कधी पाहिलंच नाई. उतरताना म्हणाली, "शर्त ते शर्त." अन् पोंभुर्ण्याच्या गाडीत चढली.

घरी अम्मीनं कोपराले हळद-चुना लावला अन् सोबत टोमणेही लावले. राग करिश्माचा नव्हता. राग असा की गुरू शोधायले एवढी पायपीट केली, खरा गुरू भेटला, अन् त्या खऱ्या गुरूनंच मले हरवलं अन् वरून शर्तही पाळली. कोणाच्या नावानं रडावं तेही कळेना.

रविवारी अब्बू म्हणाले, "शर्त गेली तर गेली, गादी काऊन सोडायची? चांगला कापूस आहे तो." एवढी मोठी गादी बसमध्ये कशी आणायची ते त्याईनं सांगितलं नाई. तणतण करत गेली.

गादी मोहाखाली पसरलेली होती अन् तिच्यावर सोमारीबाई पडली होती. चीत. दोन्ही खांदे टेकलेले, तोंड आभाळाकडे. मी घाबरली, म्हणलं साप-बिप चावला का काय.

"बाई?"

"ये."

"गादी न्यायले आली मी."

"नेशील. आधी त्या पोरीनं पाय कुठी टाकले ते दाखव. मी पाहिलंच नाई. मले वाटलं संपलं."

मी उभीच. "अन् शर्त?"

"चीत तर तू केलं तिले." ती आभाळाकडेच पाहून बोलत होती. "त्याच्यापुढं जे होते ते मले येत नाई. मी कधी खाली पडलीच नाई, मले कसं येईन?"

तेवढ्यात रस्त्यानं रामाजीभाऊ बैल घेऊन आले अन् कुंपणापाशी थबकले. तेच रामाजीभाऊ. त्याईच्या तोंडातला तंबाखूचा खर्रा तसाच राह्यला.

"सोमारी," ते हळूच म्हणाले, "पडली का व?"

"हो, पडली," बाई म्हणाली. "जा तुमी, बैल धानात शिरतीन."

ते गेले, पण वळू वळू पाहत गेले. ते पाण्याच्या टाकीवर पोचेपर्यंत ही बातमी साऱ्या गावात होणार होती. बाईलेही ते माहीत होतं. ती हलली नाई.

माहा राग तसाच होता, पण आता तो ठेवू कुठी ते समजेना. मी चपला काढल्या, गादीवर गेली अन् सवयीनं तिले उठवायले हात देल्ला.

तिनं हात धरला, पण उठली नाई.

"हं," ती म्हणाली. "आता सांग, पाय कुठी?"