भाजल्या विटेतलं मीठ

"आये, मी मोटा झालो की आपलं घर ईटंचं बांदीन. भाजल्या ईटंचं. मग पाऊस म्हनंल, ह्ये घर काय आपल्याला खायाला घावत न्हाय."

गुंडा हे म्हणाला तेव्हा त्याच्या काखेत कोकरू होतं आणि नाकाला शेंबूड. तानाबाईला तो आवाज अजून ऐकू यायचा. शेण भरताना, भाकरी थापताना. ऐकून वाटायचं मात्र काहीच नाही. गुंडाला जाऊन वरीस झालं, आणि तिच्या आतलं सगळं सांगोल्याच्या माळासारखं कोरडं ठाक पडलं होतं.

घर त्यानं बांधलं होतं. धनगरवाड्यात सगळी मातीची घरं, विटेचं तेवढं हे एक. पण त्या साली गोड्या विहिरीनं तळ दाखवला, म्हणून विटांचा चिखल तुडवला तो खाऱ्या विहिरीच्या पाण्यात. विटा भाजून तांबड्यालाल निघाल्या. त्यातल्या एकीवर, ती ओली असतानाच, गुंडानं अंगठा उठवला होता. बायकोला दाखवून हसला होता. तीच वीट त्यानं दाराशी लावली. मग तापात तो गेला, आणि पाऊस सरल्यावर भिंतीतून मीठ फुटलं. पांढरं, भुरभुरीत, कोकराच्या लोकरीसारखं.

तेव्हापासून गुंडाची बायको मायाक्का उजाडलं की खाऱ्या विहिरीची घागर आणायची आणि काथ्यानं भिंत घासून धुवायची. दुपारी भिंत लालबुंद. वाळली की पुन्हा पांढरी.

शेजारची अंबुबाई शेळ्या सोडता सोडता थांबायची.

"आगं मायाक्के, हळू घास! तिकडं दर्याच्या कडंला मीठ केलं म्हनून मानसं तुरुंगात घातली. सायबाला कळलं तर तुज्या भिताडाला बेड्या पडत्याल की!"

"पडू द्यात," मायाक्का म्हणायची. हात थांबायचा नाही.

दिवाळी सरली आणि मायाक्काचा भाऊ मायाप्पा नातेपुत्याकडनं पुन्हा गाडी घेऊन आला. घोंगड्यावर टेकला, पाणी प्याला, तोंड वाकडं केलं.

"आत्ती, पोरगी विशीची बी न्हाय. आपल्यात म्होतूर चालतंय, दुसरं लगीन लागतंय. मानूस बघितलाय, मेंढरं हायती, रान हाय. तुमी एकदा तोंडानं 'जा' म्हना."

तानाबाई चुलीतली राख उकरत राहिली.

"आत्तीला कशापायी इचारतूस?" मायाक्का दारातनं म्हणाली. "भित नितळ झाल्याबिगर म्या हितनं हलनार न्हाय. त्येंच्या हातचं घर. कोड आल्यागत टाकून जाऊ व्हय?"

"आन् ती कवा व्हायाची नितळ?"

"व्हईल की."

तानाबाईनं राख टोपल्यात ओढली. वीटभट्टी लावणारा कुंडलिक श्रावणात वाटेनं चालला होता, तो भिंतीला बोट लावून म्हणाला होता, "म्हातारे, मीठ ईटंच्या पोटात हाय. वरनं आनि खारं पानी मारशीला तर जलमभर फुटंल. कोरड्या फड्यानं झाडा, वाळू द्या. दमानं थकंल त्ये. सुनंला सांगा." ती म्हणाली होती, सांगते.

सांगितलं नव्हतं. भिंत फुटत होती तोवर सून हलणार नव्हती; घरात दुसऱ्या कुणाची तरी पावलं वाजत होती.

मायाप्पा वाट बघून उठला, बैल जुंपायला गेला. बाहेर काथ्याची खरखर चालू झाली, आणि थांबली.

तानाबाई उंबऱ्यात आली. दाराशेजारच्या विटेचा पापुद्रा सुटून मायाक्काच्या तळहातावर आला होता. त्यावर गुंडाचा अंगठा. बघता बघता त्याची माती झाली.

"आत्ती, निगाला," मायाक्का म्हणाली. रडली नाही. हात लुगड्याला पुसला, काथ्या पुन्हा घागरीत बुडवला आणि शेजारच्या विटेला लावला.

तानाबाईनं घागरीच्या तोंडावर हात ठेवला. पाणी गार होतं, बोटाला चिकट लागत होतं.

"पानी मारू नगंस, मायाक्के. पान्यानंच फुटतंय त्ये. मला श्रावनापास्नं ठावं हाय." तिनं घागर आपल्याकडं ओढली. "मायाप्पा गाडी जुपतोय. जा तू. भित म्या झाडीन, कोरडी."