रंगवलेला डोळा

कळंबला हायवेलगत माझा फोटो स्टुडिओ आहे. बाकी कशात नसेल, पण टचिंगमध्ये माझा हात धरणारा आंबेगाव तालुक्यात कोणी नव्हता, आणि त्याची मला मिजास होती. फ्लॅशमुळे फोटोत डोळे लाल येतात. मी बारीक ब्रशनं ते काळे करून द्यायचो. गिऱ्हाईक खूश.

माझी बहीण प्रज्ञा डिंगोऱ्याला दिलेली. दर चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, ती लेकीला पांढरा फ्रॉक घालून फोटोला आणायची. प्रतीक्षा दोन वर्षांची असल्यापासून तिचा डावा डोळा फोटोत लाल न येता पिवळट यायचा. लायटिंग चुकलं म्हणून मी स्वतःवरच चिडायचो आणि दोन्ही डोळे काळे करायचो. चार वर्षं केले.

अठ्ठ्याण्णव साली शाळेत तपासणी झाली. पोरीला डाव्या डोळ्यानं काहीच दिसत नव्हतं. मी मायलेकींना पुण्याला घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हातात पिवळं औषध टोचून डोळ्याच्या आतले फोटो काढले. डोळ्याच्या पडद्यावरच्या शिरा वेड्यावाकड्या, फुगलेल्या. त्यांतून पाणी झिरपून पडदा सुटला होता.

"लहानपणीचे फोटो आहेत?" त्यांनी विचारलं. "कधीपासून आहे ते कळेल."

प्रज्ञानं पिशवीतून चारही फोटो काढले. "माझा भाऊच काढतो. लई झ्याक काढतो."

बाईंनी ते नीट पाहिले. "यात डोळा चांगला दिसतोय. म्हणजे अलीकडचंच आहे. तुमची हयगय नाही."

पोरीकडं लक्ष नाही म्हणून सासूनं प्रज्ञाला महिनाभर टोचून खाल्लं होतं. सुटल्यासारखी ती रडायला लागली. मला तेव्हा गप्प बसता आलं असतं. खरं सांगतो, बसावंसंही वाटलं.

"तो रंग आहे," मी म्हणालो. "डोळा पहिल्यापासून पिवळाच यायचा."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तेव्हा आणलं असतं, तर लेसरनं शिरा बंद करता आल्या असत्या."

प्रज्ञा माझ्याशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. एसटीत एवढंच म्हणाली, "दादा, मला सांगायचं तरी व्हतं."

पुढच्या जयंतीला ती येणार नाही असं मी धरूनच चाललो होतो. पण आली. मी फोटो काढला आणि ब्रश न लावता पाकिटात घातला. आठवड्यानं मायलेकी न्यायला आल्या. प्रतीक्षानं पाकीट उघडून पाहिलं आणि फोटो माझ्यापुढं धरला.

"मामा, ह्यो डोळा रंगवायचा राहिला."