एका हेडफोनने ऐकलेली माणसं

मित्रांनो, माझ्या दोन्ही गाद्यांचं काळं कातडं आता पापुद्र्यांसारखं सुटत चाललं आहे. तोंडापाशी येणारी माझी बारीक दांडी, म्हणजे माझा माईक, कायमचा मुका झाला आहे. तरी मला लगेच कचऱ्यात टाकू नका. मी एक हेडफोन आहे. आयुष्यभर मी दुसऱ्यांचं ऐकत आलो, आज थोडं माझं ऐका.

माझा जन्म कुठल्या देशातल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. एवढंच आठवतं, की एका बाईने मला स्वतःच्या कानांना लावलं, एक बारीक सूर ऐकला आणि मान डोलावून मला पुढे सरकवलं. ती माझी पहिली शाबासकी. मग मी एका फार मोठ्या तंत्रज्ञान कंपनीत आलो. जगभर तिची कार्यालयं होती. माझ्यासारखे शेकडो हेडफोन तिथून खोक्यांत बसून गावोगावी निघाले. माझ्या खोक्यावर लिहिलं होतं, भिलाई, सेक्टर दहा.

दार उघडलं ते गयाबाईंनी. त्यांची मुलगी भूमिका त्या कंपनीत इंजिनीअर होती आणि घरूनच काम करायची.

"भूमिका, एवढ्या मोठ्या डब्यात काय पाठवलं वं तुया कंपनीनं?"

"कॉलसाठी आहे, आई."

बाहेरच्या खोलीत बाबुलाल, म्हणजे भूमिकाचे बाबा, पोलादाच्या प्लांटमधून नुकतेच येऊन बसले होते. ते मोठ्याने म्हणाले, "कोयला? कोयला कायले पाठवला त्यायनं?"

मायलेकी पोट धरून हसल्या. बाबुलालही हसले. मी नवाच होतो. मला वाटलं, काय मजेचं घर मिळालं!

बाबुलाल रेल मिलमध्ये फिटर होते. लोखंडाच्या लाल पट्ट्या धडधडत जायच्या, त्या आवाजात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. कानांवर लावायचे मफ त्यांना मिळाले होते, पण तरुणपणी ते त्यांनी गळ्यात माळेसारखे अडकवले, कानांना क्वचितच लावले. "आयकू नाही आलं त काम कसं करावं?" असं तेव्हा म्हणायचे. आता कान थकले होते. घरात सगळ्यांना ते माहीत होतं, आणि सगळ्यांना त्याची सवय झाली होती.

माझं काम सकाळी सुरू व्हायचं. कुठे एखाद्या बँकेचे संगणक बंद पडायचे, कुठे एखाद्या दवाखान्याचे. माणसं चिडून, घाबरून फोन करायची. त्यांचा राग आधी माझ्या कानी यायचा, मग भूमिकाच्या. ती शांतपणे एकेक गाठ सोडवायची. "थँक यू" म्हणताना पलीकडच्या माणसाचा श्वास मोकळा झालेला मी ऐकायचो, आणि मला धन्य वाटायचं. एका वर्षी कंपनीने तिला टीमची लीड केलं. पडद्यावर पन्नास चेहऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. गयाबाईंनी खुर्चीमागून येऊन तिच्या तोंडात पेढा कोंबला, तोही सगळ्यांनी पाहिला.

पण ते काम दिसतं तेवढं सोपं नव्हतं, मित्रांनो. प्रत्येक कॉलनंतर ग्राहक तारे द्यायचा. त्या ताऱ्यांवर माणसाची किंमत ठरायची. भूमिकाचा चहा माझ्या शेजारी गार व्हायचा. मी तिच्या कानांवरून उतरायचो तेव्हा ते लाल झालेले असायचे. दिवसभर इंग्रजीत हसून बोलल्यावर घरच्यांशी बोलायला तिच्याजवळ शब्दच उरायचे नाहीत.

अशा दिवसांत ऐश्वर्या भेटली. ती नागपुरातून त्याच टीममध्ये काम करायची. एका मीटिंगनंतर ती चुकून "बाप्पा!" म्हणाली.

भूमिका चमकली. "तुमी मराठी?"

"हाव! अन् तुमी?"

"भिलाईची. आमचे आजोबा गोंदियाकडचे."

मग काय! दुपारच्या सुट्टीत दोघी रोज बोलायच्या. भाजी काय केली, आई काय म्हणाली, कोणता ग्राहक डोकं खाऊन गेला. एवढ्या मोठ्या कंपनीत घरच्या भाषेत बोलायला दोघींना एकमेकीच होत्या. प्रत्यक्ष भेट कधी झाली नव्हती. भेटायचे ते दोन हेडफोन.

नंतर हळूहळू ऐश्वर्याचा आवाज बदलला. ती कमी बोलू लागली. तिचे तारेही घटले. ग्राहक लिहायचे, 'एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारते', 'मी सांगतो त्याकडे लक्ष देत नाही'.

तेवढ्यात कंपनीत माणसं कमी करायचं वारं सुटलं. भूमिकाच्या मॅनेजर तारा मॅडम हैदराबादहून बोलल्या. त्या नेहमी हिंदीत बोलायच्या.

"भूमिका, हर टीम से एक नाम देना है. ऐश्वर्या का दे दो. रेटिंग तुम देख ही रही हो."

"मॅम, वो ऐसी नहीं थी. मुझे थोड़ा टाइम दीजिए."

"शुक्रवार तक. उससे ज़्यादा मेरे हाथ में नहीं है."

मॅडमचा आवाज कठोर नव्हता, थकलेला होता. त्यांनाही वरून कोणीतरी असंच काही सांगितलं असणार.

भूमिकाने लगेच ऐश्वर्याला फोन लावला. "तब्येत बरी आहे ना तुयी?"

"भाजी? वांग्याची केली आज," ऐश्वर्या म्हणाली आणि हसली.

पलीकडे ऐश्वर्या उगाच आणखी थोडं हसली. मी ते हसणं ऐकलं. त्यात हसू नव्हतंच.

फोन ठेवून भूमिका तशीच बसून राहिली. बाबुलाल जवळ आले. "काय झालं? कावून अशी बसली?"

"बाबा, माया मैत्रिणीले कामावरून काढून राहिले."

"हाव, हाव," बाबुलाल मान डोलावून हसले. "थंडी पडूनच राहिली यंदा."

भूमिका त्यांच्याकडे पाहतच राहिली. हेच ते हसणं होतं. ऐकू न आलेल्या माणसाचं हसणं. ते तिने लहानपणापासून पाहिलं होतं, पण त्याच्या आत काय असतं ते तिला कधी दिसलं नव्हतं.

तिने ऐश्वर्याला पडद्यावर लिहून विचारलं, 'तुले कमी ऐकू येते का?' उत्तर यायला बराच वेळ लागला. एकच शब्द आला. 'नाही.' दुसऱ्या दिवशी ऐश्वर्याने फोनच उचलला नाही.

तेव्हा भूमिका बाबुलालच्या अगदी समोर बसली आणि तिने एकेक शब्द सुटा करून सगळं सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "मले बोलू दे तिच्यासंग."

आणि मित्रांनो, त्या दिवशी मी पहिल्यांदा बाबुलालच्या डोक्यावर चढलो. भूमिकाने माझा आवाज शेवटपर्यंत वाढवला. कितीतरी वेळ घंटी वाजल्यावर ऐश्वर्याने उचललं.

"भूमिका, सॉरी यार. मी तुझ्याशी खोटं..." आणि ती रडू लागली.

बाबुलाल दचकले. त्यांनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. त्यांच्या अगदी कानाशी एक मुलगी रडत होती आणि तिचा हुंदका न् हुंदका त्यांना ऐकू येत होता.

"बेटा, भूमिका नाही. मी तिचा बाबा, बाबुलाल!" ते मिलमध्ये बोलायचे तसे बोलले. गयाबाई हातातलं पातेलं घेऊन धावत आल्या. पण ऐश्वर्याला त्यांचा प्रत्येक शब्द पोहोचला.

"काका," ती म्हणाली, "माझा डावा कान गेला. उजवाही कमी होऊन राहिला. फोनचंच काम आहे माझं. सांगितलं तर संपलंच ना सगळं?"

"मी बी लय वर्षं लपवलं, बेटा. मले वाटे, साहेब हातातला पाना काढून घेईन अन् स्टूलावर बसवीन. लोकं हासले का मी हासो. लोकं हो म्हणाले का मी हो म्हणो. काम वाचलं, पण मी एकटा पडलो. घरातल्या घरात एकटा. तू नको लपवू."

गयाबाईंनी पातेलं टेबलावर ठेवलं. भूमिकाने तोंड खिडकीकडे फिरवलं.

शुक्रवारी, ऐश्वर्याला विचारून, भूमिकाने तारा मॅडमना सगळं सांगितलं.

"पहले क्यों नहीं बताया उसने?"

"डर से, मॅम."

मॅडम म्हणाल्या, "नाम तो फिर भी देना पड़ेगा."

"उसका नहीं दूँगी," भूमिका म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता. तो थरथराट माझ्या दांडीवर उमटत होता. "चाहें तो मेरी लीडशिप ले लीजिए. पर बीमारी को कामचोरी लिखकर मैं नहीं भेजूँगी."

"देखती हूँ," एवढंच बोलून मॅडमनी फोन ठेवला.

ते दिवस फार जड गेले. भूमिका जेवायला बसायची आणि उठून जायची. शेवटी मॅडमचा फोन आला. त्या वरच्यांशी भांडल्या होत्या. ऐश्वर्याला लेखी उत्तरं देणाऱ्या टीममध्ये जागा मिळाली. तिथे बोलावं लागत नव्हतं, आणि लिहिण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण आमची टीम दुसऱ्या टीममध्ये मिसळली आणि भूमिकाचं लीडपद गेलं. त्या दुसऱ्या टीममधला रायपूरचा विक्की नावाचा मुलगा कामावरून गेला. त्याची बाजू घ्यायला कोणी उभं राहिलं होतं की नाही, मला माहीत नाही. त्याचा हेडफोन खोक्यात बसून परत गेला, एवढं कळलं. त्या हेडफोनची मला अजून आठवण येते.

रविवारी काम नव्हतं. मी टेबलावर पडून होतो. बाबुलाल आले आणि त्यांनी मला उचललं. भूमिकाला संकोचून म्हणाले, "त्या पोरीचा आवाज लय साफ आला होता. तुया बी येईन काय?"

मला त्यांच्या डोक्यावर नीट बसवून भूमिका मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि तिथून तिने संगणकावर फोन लावला.

"बाबा, मी बोलून राहिली. येते का आयकू?"

बाबुलाल डोळे मिटून बसले होते. "मोठी झाली वं तू," ते म्हणाले. "आवाजावरून त मास्तरीण वाटतं. मायाजवळ तुया लहानपणचाच आवाज होता."

मग गयाबाईंनी फोन घेतला आणि काय काय सांगत सुटल्या. शेजारणीचं, नळाचं, लग्नाच्या आमंत्रणाचं. बाबुलाल सगळं ऐकत होते आणि या वेळी अगदी बरोबर जागी हसत होते. माझ्या गाद्या ओल्या झाल्या, पण त्याचं मला काही वाटलं नाही.

पुढच्याच आठवड्यात ते कान तपासायला गेले. इतकी वर्षं घरच्यांनी सांगून जे झालं नव्हतं ते झालं. त्यांना कानामागे लावायचं छोटं यंत्र मिळालं. उन्हाळ्यात ऐश्वर्या भिलाईला आली. तिच्याही कानामागे तसंच यंत्र होतं. सगळे मिळून सिविक सेंटरच्या बाजारात चाट खायला गेले. मी घरीच राहिलो. परतल्यावर गयाबाई सांगत होत्या, की दोघी मैत्रिणी इतक्या बोलल्या, इतक्या बोलल्या, की प्लेटमधलं तसंच राहून गेलं.

आता भूमिकाला कंपनीने हैदराबादला बोलावलं आहे आणि नवा हेडफोन दिला आहे. तो दिसायला छान आहे. त्याचा मला राग नाही. मी खिळ्याला लटकतो. माझ्यावर धूळ बसते, कधी माझी तार मोलकरणीच्या झाडूत अडकते. वस्तूचं असंच असतं. जमलं तर माझ्यासारख्यांची तार ओढून काढू नका, गुंडाळून ठेवा, आणि आवाज कमी ठेवून ऐका. कान पुन्हा मिळत नाहीत.

पण मित्रांनो, माझी खरी विनंती वेगळी आहे. तुमच्या घरात, वर्गात, किंवा मोठे झालात की कामाच्या जागी कोणी "काय?" म्हणून विचारलं, तर "काही नाही, जाऊ द्या" असं म्हणू नका. तेवढ्याने माणूस दाराबाहेर राहतो. उठा, त्याच्या समोर जा आणि तेच वाक्य त्याला पुन्हा सांगा. वाक्य मोठं नसलं तरी चालेल. "चहा झालाय, या" एवढंच असलं तरी.