जुनी जोडी

पडद्याच्या मालकांनो, चोर आहात तुम्ही. हिरोच्या अंगावरची वर्षं उतरवता आणि त्याच्याबरोबर नाचलेल्या बाईच्या पाठीवर लादता. खोटं वाटत असेल तर बिजलीचं ऐका.

बिजली ही एके काळची हिरॉईन. नाव लोकांनीच ठेवलेलं; ती पडद्यावर आली की थिएटरात शिट्ट्या थांबायच्या नाहीत. पुढे कामं आटली आणि ती धाकट्या बहिणीच्या घरी, मागच्या खोलीत राहू लागली. एके सकाळी निर्मात्याचा फोन आला. आवाज नुसता साखरेत घोळलेला. "मॅडम, जुनी जोडी परत आणतोय. साहेब आणि तुम्ही. उद्या सेटवर या."

फोन ठेवला आणि बाई थेट पलंगावर चढून नाचायला लागल्या!

"अगं ताई, पलंग मोडेल!"

"मोडू दे! जोडी म्हणाला तो, जोडी!"

"अगं पण काम काय आहे, विचारलंस का?"

"हिरोबरोबर माझी जोडी म्हणजे काय, चपलांची जोडी असते का?"

ट्रंकेतून हिरवा झगा निघाला. चेन काही बसेना. धाकटीनं ताईच्या पाठीला गुडघा लावून ओढली.

"श्वास सोड!"

"सोडला!"

"अजून सोड!"

"आता जीवच सोडते, थांब!"

दोघी हसून हसून जमिनीवर लोळल्या. रात्रभर बिजलीच्या डोळ्याला डोळा नाही. आरशासमोर ती माना वेळावत होती, मनातल्या साहेबांकडे बघून लाजत होती.

धाकटीला घेऊन सेटवर पाय ठेवला आणि तापलेल्या दिव्यांचा तो वास नाकात शिरला. छातीत नुसती धडधड! समोर खुर्चीत साहेब, तिचे जुने हिरो. एकजण त्यांच्या पोटावर पट्टा आवळत होता, दुसरा केसांचा काळाभोर टोप चिकटवत होता. कानामागे चिकटपट्ट्या लावून गाल वर ताणलेले.

"आलीस?" साहेब ओठ न हलवता म्हणाले. "हसवू नकोस हं, पट्टी सुटेल."

मेकअपवाल्यानं बिजलीला बसवलं आणि खोक्यातून पांढराफेक टोप काढला.

"हा कुणाचा रे?"

"तुमचाच, मॅडम. आईचा."

"कुणाची आई?"

बिचाऱ्यानं मान खाली घातली आणि कंगव्यानं साहेबांकडे खूण केली. "आई-मुलाची जोडी आहे ना."

आरशात धाकटीचा चेहरा लालबुंद.

"ताई, ऊठ. घरी चल."

बिजली उठली नाही. दिवे समोर होते, कॅमेरा समोर होता. किती वर्षं ती याच्यासाठी तडफडली होती! तिनं स्वतःच्या हातानं टोप चढवला.

"थांब गं. एवढी आले आहे, तर काम करूनच जाते."

प्रसंग साधा. मुलगा परदेशातून परततो, आई त्याला जवळ घेते. वाक्य एकच. दिग्दर्शक ओरडला, "ॲक्शन!"

आणि बिजली चमकली! काय ते डोळे, काय तो हात! साहेबांचा चेहरा तिनं ओंजळीत घेतला, डोळे काठोकाठ भरले. दिवेवाले जागच्या जागी थिजले.

"माझं बाळ!" ती म्हणाली. "किती मोठं झालं गं माझं बाळ! माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठं झालं!"

वरच्या माळ्यावरचा दिवेवाला पहिला फिस्सकन हसला. मग सगळा सेट. साहेबांनाही आवरेना, पट्टी फटकन सुटली आणि डावा गाल खाली आला.

"कट! कट!" दिग्दर्शक धावत आला. "मॅडम, हे काय चालवलंय?"

"मी काय चालवलंय?" बिजलीनं टोप काढून त्याच्या हातात कोंबला. कॅमेरावाल्यानं कॅमेरा अजून बंद केला नव्हता. तिनं त्याला मानेनंच सांगितलं, चालू ठेव. "मी पाळण्यात होते तेव्हा हा शाळेत जात होता. मग हा माझ्या पोटी आला कसा? कुणी घातला? नाव सांगा त्याचं. बोला ना! आता वाक्य तुमचं आहे."